लंडनमधील एक दिवस

लंडनच्या मुक्कामात वसतिगृहातील जुन्या मित्रासह आम्ही ब्रिटिश म्युझियम पाहिले. प्रवेशाला शुल्क नाही. मात्र एका दिवसात सारे पाहू म्हणणाऱ्याचे पाय मोडून येतात. आम्ही थेट अमरावतीच्या शिल्पांकडे गेलो. ही अमरावती विदर्भातील नव्हे, आंध्रातील कृष्णाकाठची. तेथील महास्तूपाच्या शंभराहून अधिक शिळा येथे काचेआड आहेत. एक शिळा दोन्ही बाजूंनी कोरलेली आहे: एकीकडे बोधिवृक्षाखालील रिकामे आसन व वंदन करणारे उपासक, तर दुसरीकडे काही शतकांनंतर कोरलेला स्तूप. त्या रिकाम्या आसनापुढे मित्राचे हात आपोआप जुळले. शिळा जपल्या गेल्या हे मान्य. तरी कृष्णाकाठच्या मुलांना त्या केवळ चित्रांत दिसाव्यात, हे आम्हांस रुचले नाही.

याच वास्तूतील गोल वाचनालयात बाबासाहेब विद्यार्थीदशेत दिवसच्या दिवस वाचीत बसत. १९२१-२२ मध्ये ते किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरी राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन तेथे स्मारक केले. तेथवर आम्ही पायीच गेलो.

नंतर जवळच्या प्रिमरोझ हिल उद्यानात टेकडीवर बसलो. समोर सारे शहर पसरले होते. “खोलीतले दिवे मालवले की आपण व्हरांड्यातल्या दिव्याखाली वाचायचो, आठवतं?” मित्राने विचारले. त्याची मुलगी याच शहरात शिकते. हे घर तिने अद्याप पाहिलेले नाही. पुढच्या सुटीत तिला घेऊन येतो, म्हणाला.