सुरतेस घोडा पाहताना

सुरतेचे नाव काढले की कुणाला जरीकाम आठवते, कुणाला हिरे, कुणाला घारी. मराठी माणसाला मात्र आधी घोडे आठवतात. इ. स. १६६४ च्या जानेवारीत शिवछत्रपतींचे सुमारे चार हजार स्वार गणदेवीवरून उधन्यास आणि तेथून बऱ्हाणपूर दरवाजाबाहेर येऊन थडकले, तेव्हा नगराचा अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला. चारपाच दिवसांत काम उरकून १० जानेवारीस फौज निघूनही गेली. मोगलांची कुमक पोचली ती त्यानंतर आठवड्याने. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेने पुन्हा तोच अनुभव घेतला. वर्गात आपण या मोहिमांतील लुटीचे आकडे सांगतो, गनिमी काव्याचे मर्म सांगतो; पण ज्यांच्या पायांवर या मोहिमा उभ्या होत्या, त्या मुक्या प्राण्यांविषयी बहुधा एक वाक्यही बोलत नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्हास सुरतेस आठवडाभर राहण्याचा योग आला, तो घोड्याच्याच निमित्ताने. आमचा धाकटा भाचा तेथे कापडाच्या धंद्यात आहे. दोन वर्षांपासून तो घोडेस्वारी शिकतो. आडव्या दांड्यांवरून घोडा उडवण्याचाही त्याला नाद लागला आहे. आता स्वतःचे जनावर घ्यावे असे त्याच्या मनाने घेतले आणि शहराबाहेरच्या एका पागेत त्याने दोन घोडे पाहूनही ठेवले. भगिनीने आम्हास निरोप धाडला, "दादा, तू जातीने जा. घोडा दिसायला कसाही असो, पोराचे हातपाय शाबूत राहिले पाहिजेत." आमचे अश्वज्ञान केवळ पुस्तकी, तथापि बहिणीचा शब्द मोडवेना.

पहिल्या दिवशी चौकबाजारातील किल्ला पाहिला. सोळाव्या शतकात खुदावंदखानाने बांधलेला हा किल्ला आता डागडुजी होऊन संग्रहालय बनला आहे. बुरुजावरून तापीचे पात्र दिसते. याच पात्राच्या मुखाशी एके काळी अरबस्तान आणि इराणकडची गलबते येत, आणि त्यांतून जे जे उतरे त्यांत घोडेही असत. तापीच्या वरच्या अंगाला, खानदेशात, त्याच नदीच्या काठी सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा भरते. घोड्यांचा एवढा मोठा बाजार महाराष्ट्रात दुसरा नाही. सुरतेच्या लिंबायत-उधना भागांत खानदेशी कुटुंबांची दाट वस्ती आहे. मार्गशीर्षात त्यांतील पुष्कळ मंडळी तापी खोऱ्याच्या रेल्वेने दोंडाईच्यास उतरून यात्रेस जातात. मुखाशी बंदर, वर बाजार. घोड्याच्या दृष्टीने तापी ही मोठी भाग्यवान नदी म्हणावयास हवी.

डुमसच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर मुलांना घोड्यावरून फेरी मारून आणणारे एक वृद्ध गृहस्थ भेटले. मूळचे शहाद्याकडचे. तीसएक वर्षे घोड्यांत काढलेली. आमचा हेतू कळताच ते आपण होऊन पागेत यावयास तयार झाले.

पागेतील पहिला घोडा पाहताच आमचे डोळे दिपले. शुभ्र नुकरा, उंच, मान कमानीसारखी, कानांची टोके एकमेकांस भिडलेली. गळ्यावर 'देवमण' नावाचा शुभ भोवरा असल्याचे मालकाने तीनदा सांगितले. दुसरा घोडा कुमैत, बेताच्या उंचीचा, डोके काहीसे जड. त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिले नसते. भाच्याची निवड केव्हाच होऊन गेली होती. आम्हीही नुकऱ्याच्या मुखाकडेच पाहत होतो. तेव्हा म्हातारबुवा हळूच म्हणाले, "गुरुजी, वर नका बघू. आधी खाली बघा. घोडा खुरापासून वर वाचायचा असतो."

हे वाक्य ऐकून आम्ही चमकलो. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या झेनोफोन नावाच्या ग्रीक सेनानीने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला आहे. पाया कच्चा असेल तर वरचे सुंदर घर काय कामाचे, म्हणून घोडा घेताना प्रथम खूर पाहावेत, अशा आशयाचा उपदेश त्याने आरंभीच केला आहे. आपल्याकडे शालिहोत्राची परंपरा आहे, नकुलाच्या नावावर अश्वशास्त्र आहे. विराटाघरी ग्रंथिक होऊन राहिलेल्या त्या पांडवाचे घोडे सांभाळणे आपण बालपणापासून ऐकत आलो. म्हातारबुवांनी यांपैकी काहीच वाचले नव्हते.

त्यांनी दोन्ही घोडे सपाट जमिनीवर चौरस उभे करविले. प्रथम बाजूने पाहिले, मग समोरून, मग पाठीमागून. प्रत्येक पाय उचलून खुराचा तळ पाहिला. खूर रुंद आणि घट्ट हवा, टाचा उघड्या हव्यात, तळची रबरासारखी त्रिकोणी गादी भरलेली हवी. प्रत्येक पावलागणिक हीच गादी धक्का सोसते. नंतर गुडघ्याखालची नळी हाताने चाचपली. ती आखूड आणि सरळ असावी, तिच्या मागचा स्नायुबंध ताणलेल्या दोरीसारखा स्वच्छ हाताला लागावा.

नुकऱ्याचा दोष येथेच उघडा पडला. बाजूने पाहता त्याचा पुढचा गुडघा किंचित मागे झुकलेला होता. गुडघा थोडा पुढे आलेला असेल तर फारसे बिघडत नाही. मागे गेलेला मात्र उडी मारणाऱ्या घोड्यास घातक. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पुढच्या पायांवर असतो. उडीनंतर तर क्षणभर सारा भार, स्वारासकट, आधी टेकणाऱ्या एका पुढच्या पायावर येतो. घोड्याला आपल्यासारखे गळ्याचे हाड नसते. त्याची छाती दोन्ही खांद्यांच्या मध्ये केवळ स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. म्हणून खांदा तिरपा हवा, जमिनीशी सुमारे पंचेचाळीस ते पन्नास अंशांचा. तसाच उतार खुरावरच्या घोट्याला हवा. खांदा उभा असेल तर पाऊल आखूड पडते आणि प्रत्येक धक्का स्वाराच्या कण्यापर्यंत पोचतो. नुकऱ्याचा खांदा उभाच होता. उंच मानेमुळे तो दोष झाकला गेला होता इतकेच.

आता कुमैताकडे पाहा. पाठ आखूड, कंबर रुंद, पुठ्ठे भरदार. उडीचा जोर येतो मागून. पुढचे पाय झेपेच्या आरंभी अंगाचा पुढचा भाग वर ढकलतात. मागच्या पायाचा जो मोठा सांधा पाठीमागे टोकदार दिसतो, तो मोठा आणि स्वच्छ हवा. पाठीमागून पाहता ते दोन्ही सांधे गाईसारखे आत वळलेले नसावेत, आणि बाजूने पाहता पाय विळ्यासारखा वाकलेला नसावा. या साऱ्या परीक्षेत कुमैत उतरला. शेवटी दोघांनाही दूर चालवत नेले, परत आणले, मग दुडक्या चालीने पळविले. नुकरा पुढचे पाय ऐटीने उचलून बाजूला फेकत होता. कुमैत सरळ रेषेत, मोजून टाकल्यासारखी पावले टाकत होता.

"आणि भोवरा?" भाच्याने विचारले. म्हातारबुवा हसले. "भोवरा केसाचा असतो बाळा, हाडाचा नाही."

या उत्तरात बाजारावरची फार मोठी टीका आहे. गळ्यावरचा भोवरा भाव चढवतो, डोळ्याखालचा भोवरा अश्रूंची खूण म्हणून चांगला घोडा मातीमोल करतो. पंचकल्याणी रंग, कानांचा बाक, उंची यांवर लाखांची बोली लागते. कान जुळणे ही काठेवाडी आणि मारवाडी घोड्यांची सुंदर ओळख आहे, हे खरे. पण तिने पाय बळकट होत नाहीत. उंचीनेही उडी साधतेच असे नाही. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये उड्यांच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवणारा 'स्ट्रोलर' हा केवळ अठ्ठावन्न इंचांच्या आतबाहेरचा तट्टू होता. बाजाराची दृष्टी चुकली की तिचे मोल विकणारा देत नाही, घेणाराही फारसा देत नाही. ते देतो घोडा. वर्षा-दोन वर्षांत लंगडला की तो लग्नाच्या वरघोड्यात डांबरी रस्त्यावर, फटाक्यांच्या धुरात उभा केला जातो.

भाच्याने कुमैत घेतला. दोन दिवस त्याचा चेहरा उतरलेला होता, हे लपवत नाही. मित्रमंडळींत नुकरा शोभला असता. पण भगिनीने आमच्याकडे मागितली होती ती शोभा नव्हे.

शिवकालीन मोहिमांचे वर्णन वाचताना आता आम्हास भीमथडीचे घोडे दिसतात: भीमेच्या खोऱ्यातील, अरबी-तुर्की रक्त आणि डोंगरी तट्टे यांच्या संकरातून घडलेले, बेताच्या उंचीचे, कणखर खुरांचे, थोड्या चाऱ्यावर सह्याद्री चढणारे. मराठ्यांच्या घोडदळाची कीर्ती ज्यांच्या टापांवर उभी राहिली, ती ही जात पुढे इतकी विस्मरणात गेली की स्वतंत्र जात म्हणून तिची राष्ट्रीय नोंद अगदी अलीकडे झाली. तोवर ती मेंढपाळांच्या तांड्यांबरोबर, पाठीवर संसार घेऊन, निमूटपणे चालतच होती. बाजारात उभी केली असती तर तिच्यावर मोठी बोली लागली नसती. पण सुरतेपर्यंत येऊन, ओझे घेऊन, कुमक पोचण्याआधी परत जावयाचे असेल, तर जाणत्याने बोट तिच्याचकडे दाखवले असते.