आजीच्या पाटल्या

आमच्या शेतांत एक कोरडी विहीर आहे. पुणें जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणी भागांत असल्या विहिरीचें नवल तें काय! परंतु आमच्या घरीं तिचा विषय निघाला कीं, पंक्तीला बसलेली मंडळी क्षणभर मुकाट होते; कारण ती विहीर आजीच्या पाटल्या मोडून खणलेली आहे.

तें साल १९७२ च्या दुष्काळाचें. आजोबांनीं पाणाड्या बोलाविला. त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ बांधाजवळ येतांच उभा राहिला, आणि तेथेंच कुदळ पडली. थोड्याच खोलीवर काळा कातळ लागला. सुरुंग लाविले, पैसा संपला. पाणी लागलें नाहीं. आजीनें त्याविषयीं कधीं शब्द काढला नाहीं, आणि आजोबांना तिच्या हाताकडे पुढें कधीं नीट पाहवलें नाहीं.

गेल्या वर्षीं आमराई वाळूं लागली, तेव्हां नवी विहीर काढण्याचें ठरलें. तात्यांचा ओढा पुन्हां पाणाड्याकडेच. "वराहमिहिरानें बृहत्संहितेंत भूमिगत जलावर अध्याय लिहिला आहे," असा त्यांचा आधार. "वराहमिहिर झाडें, वारुळें, माती पाहावयास सांगतो, नारळ काय पाहतो?" असें धाकट्यानें विचारलें. अखेर भूगर्भशास्त्र जाणणारे एक गृहस्थ आपली पेटी घेऊन आले.

यंत्राचें मर्म सोपें आहे. जमिनींत एका रेषेंत लोखंडाच्या चार खुंट्या ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून विजेचा प्रवाह सोडावयाचा व आंतल्या दोहोंमधील विद्युद्दाब मोजावयाचा. बाहेरच्या खुंट्या जसजशा दूर न्याव्या, तसतसा प्रवाह अधिक खोलवरची वार्ता आणतो. महाराष्ट्राची बहुतेक भूमि सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या थरांची आहे. त्यांतील सलग काळा कातळ विजेस फार अडवितो. ओला मुरूम किंवा भेगाळलेला खडक तितका अडवीत नाहीं. परंतु हाती येतो तो या अडवणुकीचा आलेख, पाण्याचें चित्र नव्हे. चिकणमातीहि विजेस वाट देते. म्हणून शेजारच्या विहिरींतील थरहि पाहावे लागतात.

"पाणी खात्रीनें लागेल ना?" आम्ही विचारलें.

"खात्री देतां येणार नाहीं. संभव कोठें अधिक, एवढें सांगेन."

हें ऐकून तात्या रुष्ट होतील असें वाटलें होतें. उलट ते म्हणाले, "मग आधीं त्या कोरड्या विहिरीजवळ लावा." लाविलें. खुंट्या कितीहि लांब नेल्या तरी आंकडे चढतेच. खालीं सलग कातळ!

"हें यंत्र तेव्हां असतें तर पाटल्या वाचल्या असत्या," धाकटा म्हणाला.

"रीत तेव्हांहि होती," ते गृहस्थ हळूच म्हणाले. फ्रान्सच्या कॉनराड श्लुंबर्जे यांचे प्रयोग १९१२ सालचे; अमेरिकेच्या फ्रँक वेनर यांची चार खुंट्यांची मांडणी १९१५ सालची.

तात्या बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे विद्या जगांत होती, विचारावयास आम्ही गेलों नाहीं."

आजोबांना दोष देण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. घरांत लहान मुलें, गोठ्यांत तहानलेलीं जनावरें. अशा वेळीं जो निःशंकपणें 'येथें पाणी आहे' म्हणतो, त्याचाच शब्द गोड लागतो. नारळानें शंका दाखविली नाहीं, यंत्रानें दाखविली. आम्हांस वाटतें, अज्ञानाहूनहि ही खात्रीची हांव माणसास महाग पडते.

नवी विहीर ओढ्याच्या अंगास खणली. ४० फुटांवर पाझर लागला. उंसास न पुरणारा, पण आमराई तगविणारा. पूजेस नारळ होताच. या वेळीं तो कोणी तळहातावर धरला नाहीं. सरळ फोडला, आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा तात्यांनीं आजीच्या तसबिरीपुढें ठेविला.