उतारावर किल्ली कोण बंद करतं?

मोठ्या गाडीचा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेलं सुरू होतं. "पिऊन असणार." "झोप लागली असेल." "या ड्रायव्हर लोकांना आत टाका." मी कराडचा, दहा टायरच्या एका गाडीचा मालक. एकच गाडी, तीही हप्त्यावर. आज ड्रायव्हरबद्दल नाही, मालकाबद्दल लिहितोय. म्हणजे स्वतःबद्दल. थोडं लांबेल, पण वाचा.

गाडीवाल्याच्या घरात काही सवयी बापाकडून येतात. माझ्या वडिलांची सहा टायरची गाडी होती. रात्री गाडी दारात लागली की किल्ली देव्हाऱ्यात. सकाळी आंघोळ करून ते ती उचलायचे, आधी ऑईलची पट्टी बघायचे, मग टॉमीने सगळे टायर ठोकायचे. आवाजावरून कुठला नरम आहे ते कळायचं. त्यानंतर अगरबत्ती, आणि मग सेल्फ. पुढं दहा मिनिटं गाडी नुसती चालू. सगळी गल्ली धुरात. शेजारच्या काकू रोज ओरडायच्या.

मला वाटायचं, इंजिन गरम करतायत. एकदा त्यांनी मला कॅबिनमध्ये बसवून काटा दाखवला. "इंजिनाचं सोड, आधी हवा बघ." एअर ब्रेकच्या गाडीचं सगळं हवेवर. इंजिन चालू तर कॉम्प्रेसर चालू, कॉम्प्रेसर चालू तर टाकीत हवा, आणि हवा आहे तर ब्रेक. काटा सहाच्या पुढं गेल्याशिवाय ते गिअर टाकत नसत. "हवा नसताना गाडी हलवणारा ड्रायव्हर नाही, खुनी," हे त्यांचं वाक्य.

आता गाड्या बदलल्या. बीएस-६ गाडीला तेवढा वेळ उभं ठेवायची गरज नाही. उलट नुसती चालू ठेवली की सायलेन्सरमधल्या फिल्टरला काजळी धरते. हवा भरली की हळूहळू निघायचं, इंजिन रस्त्यावर गरम होतं. मात्र लांबून दमून आलेली गाडी लगेच बंद करायची नाही. दोन मिनिटं चालू ठेवायची, टर्बो थंड होऊ द्यायचा. हे सगळं मला पाठ. शोरूमच्या मेकॅनिकलाही मी शिकवायचो. आणि खिशात कायम डुप्लिकेट किल्ली. गाडी मुंबईत असली तरी किल्ली माझ्या खिशात वाजायची. मालक असल्यासारखं वाटायचं.

आणखी एक सवय होती. ती वडिलांकडून आली नव्हती, धंद्यातल्या लोकांकडून आली. डिझेलची वही.

बहुतेक मालकांकडं ही वही असते. कारखान्यावरून साखर भरून वाशी मार्केट आणि परतीचा माल घेऊन घरी, असे मी ६०० किलोमीटर धरायचो. ॲव्हरेज चारचं. म्हणजे १५० लिटर. एवढ्यात जाऊन यायचं. वाचलं तर ड्रायव्हरचं, जास्त लागलं तर भत्त्यातून कट. साधा हिशोब, चोरीलाही आळा. असंच मला सांगितलं होतं आणि मीही दुसऱ्यांना असंच सांगायचो.

गाडीवर आमचे मामा. सख्खे नाहीत, पण माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, म्हणून मामा. मार्च २०२२ मध्ये क्लीनर गावच्या जत्रेला गेला म्हणून मी त्यांच्याबरोबर डाव्या सीटवर बसलो. गाडीसकट २८ टन वजन. रात्री साडेनऊच्या सुमारास कात्रजचा नवीन बोगदा ओलांडला. पुण्याच्या लोकांना ठाऊक आहे, तिथून दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, नवले पूल असा रस्ता खाली उतरतच जातो. गाडी उताराला लागली आणि मामांनी न्यूट्रल केलं. हात किल्लीवर गेला. एकदम शांत. नुसता टायरचा आणि वाऱ्याचा आवाज.

मला वाटलं, गाडी बंद पडली.

"न्हाय मालक, मीच बंद केली. एवढा उतार फुकटचा हाय."

लायटी राहाव्यात आणि स्टेअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली परत एक खटका पुढं. इंजिन मात्र बंद. स्टेअरिंग जड झालेलं त्यांच्या खांद्यावरून कळत होतं. मी काट्याकडं बघत होतो. प्रत्येक ब्रेकला काटा थोडा खाली. भरणारं कोणी नाही, कारण कॉम्प्रेसर बंद. इंजिनाची पकड नाही म्हणून सगळं वजन लायनरवर. लायनर तापले की ड्रमला धरत नाहीत, मग कितीही पाय दाबा. हे मला पाठ होतं असं मी वर लिहिलंय ना? त्या क्षणी तोंडातून शब्द फुटेना. पुढं गाड्यांच्या लाल लायटींची रांग उभी होती. बझर वाजायला लागला तेव्हा मामांनी सेल्फ मारला, गाडी गिअरला घेतली, एक्झॉस्ट ब्रेक लावला. एका स्कूटरच्या मागं दहा-बारा फुटांवर थांबलो. मागं बसलेल्या बाईंच्या मांडीवर डब्याची पिशवी होती. त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.

काही झालं नाही. बहुतेक वेळा काही होत नाही, म्हणूनच ही सवय टिकते.

वारज्याच्या पुढं चहाला थांबलो. मी तापलो होतो. "मामा, असं करतात का? वीस वर्षं गाडी चालवताय!"

मामा शांतपणे म्हणाले, "वही हाय का बरोबर? बघा की." वही माझ्याच पिशवीत होती. जानेवारीत पुण्यात तीन तास ट्रॅफिक, ११ लिटर जास्त, कट. फेब्रुवारीत मार्केटला दीड दिवस रांगेत, ८ लिटर जास्त, कट. अक्षर माझं. "ते कुठनं भरून काढायचं मालक? सपाटीला तर वाचत न्हाय. उतारालाच वाचतंय."

मी काय केलं? वाचणाऱ्याला वाटेल, त्याच रात्री वही फाडली. नाही. "परत असं करू नका," एवढं बोललो आणि पुढच्या महिन्यात परत कट मारला. हप्ता दहा तारखेला असतो, त्याला उताराचं काही सांगता येत नाही.

मग २० नोव्हेंबर २०२२ उजाडला. रविवार होता. रात्री टीव्हीवर नवले पूल. एका अवजड गाडीनं बऱ्याच वाहनांना धडक दिलेली. माझी गाडी त्या दिवशी त्याच रस्त्यावर होती. मामांना फोन लावला. रिंग जाते, कोणी उचलत नाही. चाळीस मिनिटं. बायको विचारत होती काय झालं, आणि माझ्या डोळ्यासमोर अपघात नव्हता, वही होती. शेवटी फोन आला. मामा मागं खेड शिवापूरला अडकले होते, फोन चार्जिंगला लावून बाहेर उभे होते. नंतर पोलिसांनी प्राथमिक तपासातून सांगितलं, त्या गाडीच्या चालकानं उतारावर इंजिन बंद केलं होतं. बातमी वाचून लोक म्हणाले, काय मूर्ख माणूस. मी काही बोललो नाही. त्याचं डिझेल कुणी कसं मोजून दिलं होतं हे मला माहीत नाही. माझं मला माहीत होतं.

यात वाचतं किती, तेही ऐका. ओळखीच्या मेकॅनिकनं समजावलं. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेल जवळजवळ बंदच होतं. चाकंच इंजिन फिरवतात. त्यामुळं कॉम्प्रेसरही फिरतो, हवाही भरते, स्टेअरिंगही हलकं राहतं. न्यूट्रलला उभं इंजिन तासाला दोन-तीन लिटर पितं. म्हणजे दहा मिनिटांच्या उताराला किल्ली बंद करून वाचणार अर्धा लिटरच्या आत. गिअरमध्ये उतरला असता तर तेही वाचलंच असतं. न्यूट्रलला गाडी जास्त पळते, एवढाच काय तो फायदा. अन् तोच तर धोका. जुने लोक सांगायचे, ज्या गिअरवर चढलास त्याच गिअरवर उतर. त्यात सगळं आलं.

डिसेंबरपासून मी कट बंद केला. टाकी फुल करून द्यायची, आल्यावर फुल करायची, किती गेलं ते लिहायचं आणि जास्त गेलं तर कारण विचारायचं. दंड नाही. पहिल्या महिन्यात ४० लिटर जास्त गेलं. साडेतीन हजार रुपये. झोप उडाली, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या वेळेला लायनर बदलायचं काम पहिल्यापेक्षा उशिरा निघालं. आणि मामांनी स्वतःहून सांगितलं की मागच्या एका पंपावर मापात गडबड आहे. आधी त्यांनी मला ते का सांगावं?

जानेवारी २०२४ मध्ये नव्या कायद्यातल्या दहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या, पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा आम्ही मालक त्यांच्या बाजूनं बोललो. ते कलम अजून लागू केलेलं नाही. चालकाची चूक असेल तर शिक्षा व्हावीच. पण अपघातानंतर चालकाचं लायसन्स बघतात, रक्त तपासतात. मालकाची वही कुणी मागत नाही. चालक किती तास सलग गाडीवर होता, डिझेल कसं मोजून दिलं होतं, किती वाजता पोचायची अट होती, हेही पंचनाम्यात यायला पाहिजे. अन् फक्त मालकाचं नको. भाडं ठरवताना ट्रान्सपोर्टवाला आम्हाला दाबतो, त्याला मालवाला दाबतो. दाबत दाबत ते शेवटी किल्लीवरच्या हातापर्यंत येतं.

कराड, सातारा, सांगलीकडचे बरेच गाडीमालक माझ्या लिस्टमध्ये आहेत. आज रात्री आपली वही काढा. मागच्या सहा महिन्यांत ड्रायव्हरच्या भत्त्यातून किती लिटर कापलं, बेरीज करा. मग एकदा रिकाम्या नाही, भरलेल्या गाडीत डाव्या सीटवर बसून बोगद्यातून खाली उतरा. बोलू नका, फक्त काट्याकडं बघा.

डुप्लिकेट किल्ली आता मी खिशात ठेवत नाही. घरी खिळ्याला असते. वडील असते तर देव्हाऱ्यात ठेवली असती.