सात थर आणि द्विदल



कांदा-लसूण वगळलं की पदार्थ जैन झाला, असं हॉटेलवाले समजतात आणि हल्ली आपणही समजू लागलोय. नातवंडांना आवडणाऱ्या टेक्स-मेक्स पदार्थांचं मात्र तेवढ्यावर भागत नाही. टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांचा हा स्वयंपाक, जिऱ्याचा वास मारणारा, म्हणून आपल्या जिभेला लगेच आवडतो. पण त्यांच्या सात थरांच्या डिपमध्ये ठेचलेल्या राजम्यावर सावर क्रीम येतं, म्हणजे विरजलेली आंबट साय. राजमा द्विदल. त्याला दही लागलं की आपल्याला ते चालत नाही. थर वेगळे दिसतात खरे, पण चमचा खाली गेला की सगळं एकच.

डिसेंबरात आमच्याकडे वन्सं राहायला होत्या आणि नातवंडंही सुट्टीला आली होती. वन्संचे नियम कडक. दोन स्वयंपाक करून दोन पंगती बसवणं मला नको होतं; मुलांना वाटतं, धर्म म्हणजे आजीचं वेगळं ताट.

मग हिशेबाच्या वहीसारखे दोन रकाने केले. एकात कडधान्य, दुधाचं काही नाही. दुसऱ्यात चीज, कडधान्याचं काही नाही.

पहिल्या ट्रेचा राजमा रात्रभर भिजवून कुकरमध्ये अगदी मऊ शिजवला आणि जिरं-हिंगाच्या फोडणीत ठेचला. सॉससाठी टोमॅटो आणि गरम पाण्यात भिजवलेली ब्याडगी मिरची. रंग येतो, जाळ होत नाही. साईच्या जागी काजू दोन तास भिजवून लिंबाच्या रसात गुळगुळीत वाटले. व्हिनेगर नाही. दुसऱ्या ट्रेमध्ये मक्याचे दाणे, ढोबळी मिरची, उकडलेलं कच्चं केळं आणि वर चीज. चीज घेताना रेनेट मायक्रोबियल आहे ना, ते बघाच. तयार मेक्सिकन मसाल्यात कांदा-लसणाची पूड बहुतेक असतेच, म्हणून ती पाकिटं मी घेतच नाही.

टॉर्टिलाचं पाकीटही नको. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3, उन्हाळ्यात 5 आणि थंडीत 7 दिवस. पाकिटातल्या पोळीचं पीठ कधीचं, कोण सांगणार? गव्हाच्या पातळ पोळ्या करून तव्यावर कडक शेकल्या. मऊ पोळी सॉसमध्ये विरघळते आणि थर राहत नाहीत. मक्याच्या टॉर्टिलाला तिकडे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात, म्हणून त्या पिठाला चिकटपणा येतो. आपल्या मक्याच्या पिठाची भाकरीच बरी.

खाली थोडा सॉस, मग पोळी, सारण, सॉस, पुन्हा पोळी. ओव्हनमध्ये 180 अंशांवर 20 मिनिटं. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं हात लावायचा नाही, नाहीतर थर घसरतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा चारला पोळ्या लाटायला बसलं तरच जमतं. उद्यासाठी ठेवायचं नाही, म्हणून ट्रे लहानच घ्या.

पाचला सगळे एकत्र बसले. वन्संनी राजम्याचा तुकडा घेतला. थोरल्या नातीने दुसऱ्या ट्रेकडे गेलेला माझा डाव हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "आजी, याला वेगळा डाव." तिला हे कोणी सांगितलं नव्हतं.

वन्संनी आणखी एक तुकडा मागितला. मीठ थोडं कमी आहे म्हणाल्या.