नववीला ग्रामपंचायत शिकवताना

नववीच्या राज्यशास्त्रात ग्रामपंचायत नाही. २०१७ साली आलेल्या त्या पुस्तकात महायुद्धानंतरच्या घडामोडी आहेत, परराष्ट्र धोरण आहे, सुरक्षा व्यवस्था आहे, संयुक्त राष्ट्रे आहेत. स्थानिक शासन मुलं सहावीत शिकतात. सातवीत संविधान, आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था. दहावीत निवडणूक प्रक्रिया येते, पण तेव्हा घरात बोर्डाशिवाय दुसरा विषय नसतो.

मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यातल्या एका अनुदानित शाळेत इतिहास शिकवते. मुलं आजूबाजूच्या गावांतून, तांड्यांवरून आणि कोलामांच्या पोडांवरून (वस्त्यांवरून) येतात. मुख्याध्यापकांनी सांगितलं, नववीसाठी नागरिकत्वाचा वेगळा उपक्रम आखा, परिपाठात उद्देशिका वाचून भागत नाही. जादा तासिका मिळणार नाही आणि पैसेही मिळणार नाहीत, हे त्यांनी त्याच दमात सांगून टाकलं. शेजारच्या शाळांतून विचारणा झाली, म्हणून काय केलं आणि कुठे अडलं ते लिहिते आहे.

पहिली अडचण वेळेची. शाळा सुटल्यावर कुणाला थांबवता येत नाही. मुली मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाडीने जातात. ती चुकली की पायी जावं लागतं, आणि एकदा तसं झालं की बाप दुसऱ्या दिवशी पाठवत नाही. शेवटी श्रेणी विषयातल्या स्व-विकासाच्या काही तासिका आणि शनिवारची सकाळ यांत बसवलं.

दुसरी अडचण कापसाची. आमच्याकडे शाळा जूनच्या शेवटी उघडतात. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की वर्ग रिकामा होतो. मागचे बाक तर पूर्ण मोकळे. सुरुवातीच्या आराखड्यात मोठे उपक्रम नोव्हेंबर-डिसेंबरात होते. कागदावर ते छान दिसत होते. आमच्याच शिपाईमामांनी विचारलं, "वेचणीत कोण येते जी?" मग सगळं उचलून जुलै ते सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारीत टाकलं.

सुरुवात १ जुलैला केली. त्या दिवशी वसंतराव नाईकांची जयंती, कृषी दिन. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे नाईकसाहेब मुख्यमंत्री होते, हे पोरांना पाठ असतं. पण महाराष्ट्रातल्या पंचायत राजचा पाया ज्या समितीच्या अहवालावर घातला, तिचे अध्यक्ष तेच होते, हे वर्गात कुणाला माहीत नव्हतं. समिती १९६० साली नेमली, अहवाल १९६१ साली आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचं नाव आल्यावर वर्ग जरा सावरून बसला. तेवढंच त्या दिवशी हवं होतं.

त्यानंतर तालुक्याच्या गावाहून एक वकील बोलावले. मूलभूत हक्कांवर बोलले, चांगलं बोलले. मुलं हाताची घडी घालून बसली. प्रश्न विचारा म्हटल्यावर बराच वेळ कुणी उठेना. मग एका मुलीने विचारलं, "सर, व्हॅलिडिटी कधी काढा लागते?" वकीलसाहेब हसले. मला मात्र त्या प्रश्नाने पुढची वाट दाखवली.

पुढच्या शनिवारी फळ्यावर तीन तारखा लिहिल्या. ६ सप्टेंबर १९५०, २१ नोव्हेंबर १९६१, १३ ऑक्टोबर १९६७. जातवैधतेसाठी, म्हणजे व्हॅलिडिटीसाठी, अनुसूचित जमातींना पहिल्या तारखेच्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना दुसऱ्या आणि इतर मागासवर्गीयांना तिसऱ्या. एकाच बाकावर कोलाम, बंजारा आणि कुणबी मुलं बसतात. प्रत्येकाची तारीख वेगळी. का वेगळी, हे सांगायला राष्ट्रपतींचा आदेश, त्याची अनुसूची, राज्याचे निर्णय हे सगळं आपोआप आलं. एरवी या धड्याला मुलं जांभया देतात.

घरचं काम दिलं: आजोबा किंवा पणजोबांचा एखादा कागद शोधून आणा. कुणी शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणला, कुणी काकाची टीसी. पाच-सहा जणांकडे काहीच नव्हतं, आणि त्यांत पोडावरचीच मुलं जास्त. आजोबा शाळेतच गेले नाहीत, तर दाखला कुठला? कोलाम हे महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, म्हणजे सरकारच्या लेखी सगळ्यांत आधी मदत पोचायला हवी अशी माणसं. आणि कागद त्यांच्याकडेच नाही. हे मी मुलांना बोलून दाखवलं नाही. त्यांनाच ते दिसलं.

एका मुलाचे वडील सोबत यायला तयार झाले. आम्ही तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागितली. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात आणि जुन्या नोंदींत जातही लिहिलेली असते. चुलत आजोबांची नोंद सापडली, पण आडनाव निराळं. आता वंशावळ जुळवायची. खरं सांगते, मला ती वंशावळ नीट वाचता येईना. तिथल्या कारकुनाने कागदावर झाड काढून दाखवलं. तेच झाड मी वर्गात काढलं आणि मग सगळ्यांनी आपापल्या घराचं काढलं. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात, वैधता पडताळणी समिती देते, आणि रक्ताच्या नात्यातल्या कुणाची वैधता झालेली असेल तर तिचा उपयोग होतो. एवढं नववीत कळलं तरी बारावीत ऐन प्रवेशाच्या वेळी धावाधाव होत नाही. माझ्या मते आख्ख्या अभ्यासक्रमात हाच भाग सगळ्यांत कामाचा ठरला. तो आमच्या आराखड्यात नव्हता.

ग्रामसभेचा भाग आराखड्यात होता, आणि तिथेच गडबड झाली. ग्रामसभा म्हणजे काय, असं विचारल्यावर उत्तर आलं, "झेंडा झाला की चिवडा भेटते ते." मग कायदा सांगितला. वर्षाला किमान चार सभा, सात दिवस आधी नोटीस, साध्या गावात एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती गणपूर्ती. अठरा वर्षांखालच्यांना मत नाही, पण बाजूला बसून ऐकायला कोण अडवतो? मुलांना काम दिलं: आपल्या गावच्या फळ्यावर नोटीस लागली का, ते बघायचं आणि विषयपत्रिका वहीत उतरवून आणायची. काही गावांत नोटीस मिळाली. काही गावांत फळाच मिळाला नाही. एका गावची सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली आणि मुलं चिवडा खाऊन परत आली.

त्याच आठवड्यात एका गावचे एक पंचायत सदस्य शाळेत आले. "पोरायले आतापासूनच राजकारण शिकवता काय मॅडम?" आवाज चढलेला होता. मी घाबरले. आमची नोकरी अशी की एक तक्रार वर गेली तर वर्षभर खुलासे द्यावे लागतात. मुख्याध्यापकांनी त्यांना चहा पाजला आणि सहावीचं पुस्तक समोर ठेवलं. हे सरकारनेच छापलंय, आम्ही त्याचं प्रात्यक्षिक घेतो, म्हणाले. त्यानंतर दोन नियम केले. मुलं जायच्या आधी सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांना शाळेचं पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची. आणि मुलांच्या वहीत कुणाही माणसाचं नाव येता कामा नये. नोटीस लागली का, विषय कोणते, किती लोक आले, ठराव काय झाला, एवढंच. तेव्हापासून कुणी आलं नाही. दुसऱ्या कुणी हे करणार असेल तर पत्र पहिल्याच दिवशी द्यावं.

आमच्या वर्गात पेसातल्या (अनुसूचित क्षेत्रातल्या) गावांचीही मुलं आहेत आणि बाहेरच्या गावांचीही. पेसातल्या एका गावच्या मुलाने फळ्यावरच्या अबंध निधीची माहिती उतरवून आणली. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट या ग्रामपंचायतींना जातो आणि तो कसा खर्चायचा ते ग्रामसभेने ठरवायचं असतं. लगेच पलीकडच्या गावच्या मुलीने विचारलं, "आमाले काहून नाही?" तिच्या गावात गोंडांची घरं आहेत, दोन गावांच्या मधे फक्त नाला आहे. १९८५ च्या आदेशात कोणती गावं अनुसूचित क्षेत्रात आली, हे सांगितलं. तिला ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटवून देता आलं नाही. तो तास घंटा झाल्यावरही चालू राहिला.

वर्ग प्रतिनिधीची निवडणूक मात्र मी मन लावून घेतली. मतदान अधिकारी म्हणून ड्युट्या केल्यात, त्यामुळे अभिरूप मतदान, सह्यांची नोंदवही, बोटाला शाई, सगळं करून घेतलं. नोटाही ठेवला. निकाल लागला तो गावनिहाय. ज्या गावची मुलं जास्त, त्या गावचा उमेदवार. तांड्यावरच्या मुलांनी तर आधीच ठरवून टाकलं होतं. मोठ्यांची निवडणूक लहान आकारात बघून मला वाईट वाटलं. जानेवारीत फेरनिवड घेतली तेव्हा एक अट घातली: सूचक आपल्या गावचा चालेल, पण अनुमोदक दुसऱ्या गावचा हवा. त्याने जादू झाली नाही, पण उमेदवारांना दुसऱ्या बाकांवर जाऊन बोलावं लागलं. एक मुलगी त्याच जोरावर निवडून आली.

दुसऱ्या सत्रात अर्ज लिहायला घेतले. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, उत्तराची मुदत तीस दिवस, हे शिकवलं. पण मुलांच्या नावाने अर्ज टाकायचा नाही, असं आम्ही शिक्षकांनी ठरवलं. गाव लहान असतं, अर्ज कुणी टाकला ते संध्याकाळपर्यंत कळतं. त्याऐवजी एसटीचा विषय घेतला, कारण सकाळची गाडी उशिरा येते यावर सगळ्यांचं एकमत होतं. मुलांनी आठवडाभर गाडीच्या वेळा लिहिल्या आणि आगार व्यवस्थापकांना अर्ज केला. पहिल्या मसुद्यात "आमच्यावर घोर अन्याय होत आहे" असं होतं. ते काढून वेळांचा तक्ता घातला. दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. उत्तर आलं नाही. मग ग्रामपंचायतीचा ठराव जोडून स्मरणपत्र दिलं, त्यावर आधीचा आवक क्रमांक टाकला. या वेळी उत्तर आलं: चालकांची संख्या कमी आहे, वेळ पाळण्याच्या सूचना दिल्या आहेत. गाडी काही दिवस वेळेवर आली. आता पुन्हा मागेपुढे होते. पण ते लेटरहेडवरचं पत्र मुलांनी वर्गात लावलं आहे आणि आलेल्या पाहुण्याला दाखवतात.

बालविवाह, पोक्सो आणि १०९८ हा मदत क्रमांक, हा भाग आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी मुलींसाठी आणि क्रीडा शिक्षकांनी मुलांसाठी वेगवेगळा घेतला. तिथे एकत्र वर्ग चालला नाही.

पालकांची कुरकुर होतीच. चाळीस गुणांच्या पेपरात याला किती गुण, असा थेट प्रश्न पालकसभेत आला. एकही नाही, असं मी सांगितलं. मग ज्यांच्या घरी कागद सापडले होते ते पालक बोलू लागले, मला पुढे बोलावं लागलं नाही.

या वर्षी क्रम बदललाय. वकिलांचं भाषण काढलं. कागद शोधणं जुलैतच, म्हणजे पोळ्यापर्यंत तहसीलच्या खेपा होतील. ग्रामसभेची पत्रं आधीच तयार करून ठेवली आहेत. पोडाची स्वतंत्र ग्रामसभा पेसाच्या २०१४ च्या नियमांनी घेता येते, त्यासाठी पोड आधी गाव म्हणून घोषित व्हावं लागतं. कोतवाल बुकासाठी सोबत आलेले ते वडील त्याबद्दल विचारत होते. ग्रामसेवकांनी प्रस्तावाचा नमुना देतो म्हटलंय, तो आला की नववीच्याच मुलांकडून भरून घ्यायचा विचार आहे.