आमचा द्वारपाल

सन २०२४ च्या मार्गशीर्षांतील एका सोमवारीं सकाळीं आमच्या घरचा द्वारपाल निवर्तला. ही एखाद्या जुन्या इमानी गड्याची गोष्ट असावी असा वाचकांचा समज होईल, म्हणून आरंभींच खुलासा केलेला बरा. आमचा द्वारपाल म्हणजे वीतभर रुंदीची, काळ्या पत्र्याची एक पेटी. तिला इंग्रजींत फायरवॉल म्हणतात, आणि मराठींतहि आतां तेंच नांव रूढ झालें आहे.

सदाशिव पेठेंतील आमचा जुना वाडा पाडून तेथें चार मजल्यांची इमारत उभी राहिली, तरी आम्ही भाऊबंद अजून एकाच छपराखालीं राहतों. तळमजल्यावर आमच्या वडील बंधूंची, म्हणजे दादांची, हिशेबतपासनिसाची कचेरी आहे. दादा सन २०२१ मध्यें करोनाच्या दुसऱ्या लाटेंत गेले. आतां त्यांचा मुलगा ती चालवितो. लोकांचीं विवरणपत्रें, बँकांचे उतारे, कर्जाचे कागद असें पुष्कळांचें गुपित त्या कचेरींतील सहा संगणकांत विसावलेलें असतें. ते संगणक आणि बाहेरचें जग यांच्यामध्यें ही पेटी सन २०१४ पासून उभी होती. दादांनीं ती स्वतः आणली, स्वतः बसविली, आणि कोणास आंत घ्यावें व कोणास घेऊं नये याचे नियम स्वतःच्या हातानें तिच्यांत लिहिले. ते गेल्यावर त्या नियमांना कोणीहि हात लावला नाहीं. "दादांच्या हातचें आहे, असूं द्या," असें आम्हींच सर्वांना बजावून ठेविलें होतें. हें वाक्य पुढें आमच्याच पदरांत येणार आहे, याची तेव्हां आम्हांस कल्पना नव्हती.

ज्यांचा या पेटीशीं कधीं संबंध आला नसेल अशा वडीलधाऱ्या मंडळींसाठीं तिचें काम थोडक्यांत सांगतों. फायरवॉल हा शब्द मूळचा बांधकामांतला. एका घराची आग दुसऱ्या घरास लागूं नये म्हणून मध्यें जी जाड भिंत घालीत, तिचें हें नांव. इ. स. १९८८ च्या नोव्हेंबरांत अमेरिकेंतील एका विद्यार्थ्यानें सोडलेला, आपोआप पसरत जाणारा एक प्रोग्रॅम बघतां बघतां हजारों संगणकांत शिरला, आणि संगणकांच्या जाळ्यासहि अशी भिंत हवी हा विचार बळावला. इंटरनेटवरील मजकूर लहान लहान पुडक्यांच्या रूपानें प्रवास करितो. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाराचा पत्ता, घेणाराचा पत्ता आणि कोणत्या दारीं जावयाचें त्या दाराचा क्रमांक असतो. द्वारपाल हें सर्व वाचतो आणि आपल्याजवळील नियमांची यादी वरून खालीं पाहत जातो. जो नियम प्रथम लागूं पडेल तोच अखेरचा. त्याच्या खालचे नियम मग तो वाचीतच नाहीं. एकहि नियम लागूं पडला नाहीं तर दार बंद. आमच्या आजीच्या स्वयंपाकघराचा कायदा याहून निराळा नव्हता. आंघोळ केलेला असेल तो आंत, बाकीचे उंबऱ्याबाहेर. आणि वाद घालण्याची सोय नाहीं.

त्या सोमवारीं पुतण्या धांवत वर आला. "काका, पेटी गेली. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पुढें कांहींच होत नाहीं." विकणाऱ्यास विचारलें तेव्हां त्यानें सांगितलें कीं, एवढ्या जुन्या पेटीची दुरुस्ती कोणी करीत नाहीं, नवी घ्या, ती यावयास आठवडा लागेल. तोंवर कागदपत्रांचे संगणक जाळ्यापासून तोडून ठेवावे, आणि निकडीचें काम एका वेगळ्या लॅपटॉपवर मोबाइलच्या इंटरनेटनें करावें, असें पुतण्यानें ठरविलें. नवी पेटी घेण्यास आमची हरकत नव्हती. पण जुनी भंगारांत जावी हें मनास पटेना. दादांचे नियम तिच्याच पोटांत होते. त्यांची दुसरी प्रत कोणीं काढून ठेविली नव्हती. आम्हीं तंत्रनिकेतनांत एकतीस वर्षें इलेक्ट्रॉनिक्स शिकविलें, तेव्हां एवढा प्रयत्न करणें आमच्याकडे आलेंच. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. पेटी वरच्या मजल्यावर आली तेव्हां तिच्याकडे पाहून एवढेंच म्हणाल्या, "पाहा भाऊजी, जमलें तर."

दुरुस्तींत संशय घ्यावयाचा तो आधीं स्वस्त वस्तूचा. म्हणून प्रथम अ‍ॅडॅप्टर मोजला. १२ व्होल्ट बरोबर मिळत होते, आणि भार दिल्यावरहि ते खालीं येत नव्हते. मग झांकण उघडलें, धूळ झाडली आणि कंडेन्सर पाहिले. अशा यंत्रांत म्हातारपण बहुधा कंडेन्सरच्या वाटेनें येतें. त्याच्या आंत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची गुंडाळी आणि द्रावणांत भिजविलेला कागद असतो. उष्णतेनें तें द्रावण वर्षानुवर्षें सुकत जातें. अदमासाचा हिशेब असा कीं, उष्णता १० अंश सेल्सियसनें कमी ठेविली तर त्याचें आयुष्य दुप्पट होतें. म्हणून अशीं यंत्रें बंद कपाटांत कोंडून वर पिशव्यांचा ढीग रचणें, हें जें घरोघर चालतें, तें बरें नव्हे. बिघडलेल्या कंडेन्सरचें डोकें फुगून वर येतें. आमच्या पेटींतल्या सर्वांचीं डोकीं सपाट होतीं. ३.३ व्होल्टांचा आंतला पुरवठाहि ठीक निघाला. अंगांत रक्त होतें, पण नाडी लागत नव्हती.

दोष खरोखरच नाडीचा होता. संगणकाच्या बोर्डावर घड्याळासारखा एक ठोका अखंड चालतो. त्या ठोक्याच्या तालावर प्रोसेसर आपली पहिली आज्ञा शेजारच्या चिपमधून वाचतो. ठोका नसेल तर आज्ञा वाचतां येत नाहीं, आणि आज्ञेवांचून प्रोसेसर जागाच होत नाहीं. सन २०१७ च्या आरंभीं असें उघडकीस आलें कीं, एका विशिष्ट जातीच्या प्रोसेसरांत हा ठोका बाहेर देणारा भाग वापरानें क्षीण होत जातो. सुमारें दीड वर्षाच्या वापरानंतर तो केव्हांहि दगा देऊं शकतो, आणि एकदां दगा दिला कीं यंत्र पुन्हां सुरू होत नाहीं. हा प्रोसेसर निरनिराळ्या कंपन्यांच्या फायरवॉलमध्यें व साठवणयंत्रांत बसविलेला होता. आमच्या पेटींतहि तोच निघाला. आम्हीं जुन्या संस्थेंतून ऑसिलोस्कोप मागून आणला व त्या तारेला लावला. पडद्यावर ३.३ व्होल्टांपर्यंत ताठ उठणाऱ्या लाटा दिसावयाच्या, तेथें बुटके, दमलेले उंचवटे दिसले.

यावर हौशी दुरुस्तीकारांनीं शोधून काढलेली एक युक्ति आहे. ठोक्याची तार आणि ३.३ व्होल्टांचा पुरवठा यांच्यामध्यें सुमारें १०० ओहमांचा एक रेझिस्टर जोडावयाचा. म्हणजे क्षीण झालेल्या ठोक्यास वर उठावयाला आधार मिळतो. म्हाताऱ्या माणसास जिना चढतांना आपण कोपराशीं हात देतों, तसाच हा प्रकार.

दुसऱ्या दिवशीं बुधवार पेठेंत पासोड्या विठोबाच्या बाजूस गेलों. एका दुकानांत १०० ओहमांचा एक रेझिस्टर मागितला. "एक कसा देऊं, काका? दहा घ्या," असें म्हणून त्या मुलानें दहांची पट्टी पुढें केली. तपकिरी, काळा, तपकिरी आणि सोनेरी अशा चार रेघांचे ते इवलेसे दहा मणी दहा रुपयांस आले. येतांना रिक्षास याहून कितीतरी अधिक पैसे पडले.

संध्याकाळीं जेवणाच्या मेजावर शस्त्रक्रिया मांडली. पुतण्यानें दिवा धरला. त्याची दहा वर्षांची मुलगी भिंग घेऊन बसली. आमचा हात पूर्वीसारखा स्थिर राहिलेला नाहीं हें सर्वांसमक्ष कबूल करावें लागलें. पहिल्या खेपेस कथील भलत्याच टोंकावर उतरलें, दुसऱ्या खेपेस रेझिस्टर सुटून आला. तिसऱ्या खेपेस डाख नीट बसला. वीज लावली, पेटीची जोडतार लॅपटॉपला जोडली, आणि सर्वजण पडद्याकडे पाहूं लागलों. पडदा कांहीं क्षण कोराच होता. मग एक ओळ उमटली, तिच्यामागून दुसरी, आणि अक्षरें भराभर वर चढूं लागलीं. "आजोबा, बोलली!" म्हणून पोर ओरडली. वहिनी देवघरांतून बाहेर आल्या.

पहिलें काम केलें तें दादांच्या नियमांची प्रत काढण्याचें. ती छापून घेतली आणि तेथेंच मेजाभोंवतीं बसून वाचूं लागलों. प्रत्येक नियमाच्या वर दादांनीं एकेक टीप लिहिली होती. लिपि रोमन, पण भाषा मराठी. "बँकेच्या कामासाठीं." "प्राप्तिकर खात्यासाठीं." एके ठिकाणीं लिहिलें होतें, "सायंकाळीं सहापर्यंत क्रिकेट बंद. अपवाद: मी." खालीं नियम खरोखरच तसा होता, फक्त दादांच्या संगणकास दार उघडें! वहिनी इतक्या हंसल्या कीं त्यांना डोळे पुसावे लागले. दादांचें बोलणें तीन वर्षांनीं घरांत पुन्हां ऐकूं आलें, असें वाटलें.

इतक्यांत पुतण्याचें बोट यादीच्या तिसऱ्या ओळीवर थांबलें. टिपेवर तारीख होती २६ मार्च २०२०, म्हणजे टाळेबंदीचा दुसरा दिवस. "घरून कामासाठीं. तात्पुरतें. टाळेबंदी उठल्यावर बंद करणें." आणि खालीं नियम असा कीं, जगांतील कोणत्याहि पत्त्यावरून येणारास कचेरींतील मुख्य संगणकाचें ३३८९ क्रमांकाचें दार मोकळें. दूर बसून आपल्या संगणकावर समोर बसल्यासारखें काम करतां यावें, याकरितां हें दार असतें. टाळेबंदींत घरोघरीं लोकांनीं तें उघडलें, आणि नेमकें तेंच दार ठोठावीत चोर जगभर हिंडूं लागले. दादांनीं पुढें लिहिलेले बंदोबस्ताचे नियम चोख होते. पण ते सारे या ओळीच्या खालीं होते. जो नियम प्रथम लागूं पडेल तोच अखेरचा. टाळेबंदी उठली, दादा गेले, आणि तें दार साडेचार वर्षांहून अधिक काळ सताड उघडें राहिलें. शिवाय पेटीच्या निर्मात्यानें तिला नवीन धोक्यांची ओळख करून देणें केव्हांच थांबविलें होतें. आमचा द्वारपाल जिवंत असतांनाहि डोळे मिटूनच उभा होता.

त्या दारानें कोणी आंत आलें होतें काय? पेटींतील नोंदी वीज जातांच पुसल्या गेल्या होत्या. जाणकाराला बोलावून सहाहि संगणक दोन दिवस तपासून घेतले. चोराच्या पावलाची खूण कोठें सांपडली नाहीं. तरी कोणी आलेंच नाहीं असें छातीवर हात ठेवून सांगतां येत नाहीं. पुतण्यानें सर्व संकेतशब्द बदलले, आणि आपल्या प्रत्येक अशिलास पत्र लिहून घडलें तें कळविलें. असें पत्र लिहावें कीं नाहीं याविषयीं त्यानें आमचा सल्ला विचारला नाहीं, व तें योग्यच केलें. दोघे अशील काम काढून घेऊन गेले. बाकीचे राहिले.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दादांवर दोष येऊं नये म्हणून आम्ही वहिनींना सांगूं लागलों कीं, तो काळच तसा होता, घाईंत राहून गेलें असेल. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "भाऊजी, त्यांनीं लिहून ठेविलें होतें ना, नंतर बंद करणें म्हणून? मग तें त्यांच्याकडून राहिलें कसें? तें काम तुमच्याकडे आलें होतें."

यावर उत्तर नव्हतें. आम्हीं तीन वर्षें दादांचे नियम जपले, पण एकदांहि वाचले नाहींत. त्यांचा शब्द मोडूं नये म्हणून यादीस हात लावला नाहीं, आणि यादींतला त्यांचा एक स्पष्ट शब्द तसाच पडून राहिला. पेटी बिघडली नसती तर तो आजहि कोणाच्या दृष्टीस पडला नसता. तेव्हां त्या दहा रुपयांच्या खरेदीनें पेटी दुरुस्त झाली खरी. पण दुरुस्तीची अधिक गरज आमच्या भक्तीस होती.

आठवड्यानें नवी पेटी आली. जुने नियम तिच्यांत जसेच्या तसे उतरविले नाहींत. एकेक वाचून, लागतो कीं नाहीं हें विचारून मगच घेतला. दूरून काम करणारांसाठीं, आधीं ओळख पटवून मगच आंत नेणारा स्वतंत्र बंदिस्त मार्ग केला. प्रत्येक नियमापुढें कारण, तारीख आणि जबाबदार माणसाचें नांव लिहिलें. आमच्या घरीं दिवाळींत लक्ष्मीपूजनास वह्यांची पूजा होते. सन २०२५ च्या दिवाळीपासून त्याच दिवशीं या यादीचेंहि वाचन ठेविलें आहे.

जुनी पेटी आमच्या मेजावर आहे. रेझिस्टरचा आधार कायमचा नव्हे. ठोका आणखी क्षीण झाला कीं ती पुन्हां बंद पडेल. तिला पहाऱ्याचें काम आतां देत नाहीं. बाहेरच्या जगाशीं तिचा संबंध तोडून, तिच्यावर नातीस नियम लिहावयास शिकवितों.

नव्या यादींत क्रिकेटचा नियम घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न पुतण्यानें आईपुढें ठेविला होता. दादांचा संगणक केव्हांच निकालांत निघाला आहे, तेव्हां अपवादास अर्थ उरला नव्हता. वहिनींनीं क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "नियम काढून टाक. टीप राहूं दे." टिपेनें कोणतेंहि दार उघडत नाहीं. ती यादीच्या अगदीं तळाशीं ठेविली आहे.