मधला सत्तावीस

"अरे, हे झुडूप म्हणजे हिरवा ढगच आहे," ताई म्हणाली होती. पडद्यावर माझा मारिओ धावत होता, मी लक्ष दिलं नाही. पुढे किती वर्षांनी त्याच खेळाची फाईल हेक्स एडिटरमध्ये उघडली, तेव्हा कळलं की तिचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये ढगाचं आणि झुडपाचं चित्र एकच आहे, रंग तेवढे निराळे. १९८५ सालचा तो अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. एकेक चित्र पुरवून पुरवून वापरलेलं.

तिला ते दिसलं यात नवल नाही. बाबा सोलापुरात यंत्रमागावर जॅकार्ड चादरी विणायचे. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ तीच ठेवायची, सूत बदलायचं, की नवी चादर. आम्ही डबा घेऊन जायचो तेव्हा मी मागाच्या खडखडाटाला घाबरून दारातच थांबायचो. ताई आत जाऊन मोर बघून यायची. "कालचाच मोर आहे, आज राणी रंगाचा."

घरी नकली बनावटीचा व्हिडिओ गेम होता, पिवळ्या कॅसेटचा. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तरी दुसरा रिमोट तिनेच घेतला. दोघांना एकदम खेळता येत नसे. माझा मारिओ मेल्याशिवाय तिची पाळी नाही. खड्ड्यात पडलो की मी रडकुंडीला यायचो, आणि ती काही न बोलता लुईजीला पुढे न्यायची.

१९९८च्या पावसाळ्यात ताई गेली. आठ दिवसांचा ताप.

लुईजीचं वेगळं चित्र त्या खेळात नाहीच. मारिओच्या आकृतीतल्या प्रत्येक ठिपक्याला चारांपैकी एक खूण. शून्य म्हणजे पारदर्शक, तिथून मागचं आभाळ दिसतं. उरलेल्या तीन खुणांचे तीन रंग. मारिओचे आकडे १६, २७, १८: लाल, कातडीचा, तपकिरी. लुईजीचे ३०, २७, १९: पांढरा, कातडीचा, हिरवा. केस, मिशा आणि सदरा एकाच खुणेत, म्हणून लुईजीच्या मिशासुद्धा हिरव्या. हलत्या चित्रांसाठी रंगांचे चारच संच असतात आणि त्यातला एकच खेळाडूचा. पाळी बदलली की एकाचे आकडे पुसून त्याच जागी दुसऱ्याचे येतात. आम्ही दोघं पडद्यावर एकत्र कधीच का दिसलो नाही, ते मला त्या आकड्यांत दिसलं.

मला लुईजीला ताईचा फ्रॉक द्यायचा होता. तिचा तो आवडता. त्याचा घेर मला आठवतो, तुटलेल्या हुकाच्या जागी लावलेली पिन आठवते. रंग आठवत नाही. हे कळलं त्या रात्री मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. फोटो एकच आहे, पण त्यातला निळेपणा विटून सगळंच तांबूस झालंय. आई म्हणाली, मोरपंखी. बाबा म्हणाले, "छे, चिंतामणी. कापड मीच आणलं होतं."

त्या यंत्राकडे मोरपंखी, चिंतामणी, डाळिंबी, आमसुली अशी नावं नाहीत. ६४ क्रमांक आहेत, त्यातले काही नुसते काळे. १सी लावला, तो गडद. २सी लावला, तो फिका. त्यांच्या मधलं काहीच नाही. शेवटी बाबांना बोलावलं. चष्मा पुसून त्यांनी दोन्ही रंग सुताची लड बघावी तसे मान तिरकी करून पाहिले. गडद रंगावर बोट ठेवून म्हणाले, "नवा होता तेव्हा असा." मग फिक्यावर. "धुऊन धुऊन असा झाला."

मी २सी ठेवला. तिने तो फ्रॉक विरेपर्यंत घातला होता.

तिसऱ्या जागी केसांसाठी काळा. मधला २७ हलवला नाही. तो दोघांचा एकच.

मग दोघांचा खेळ सुरू केला आणि मारिओला पहिल्याच खड्ड्यात जाऊ दिलं. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. डावीकडे ती उभी होती. पुढे झुडूप, वर ढग. दुसरा रिमोट टेबलावर तसाच. वरची वेळ ४०० वरून उतरू लागली. ती १०० वर आली की संगीताची लय वाढते. तोवर मी तिच्याकडे बघत होतो. लय वाढल्यावर बाबांनी रिमोट उचलून माझ्या हातात दिला.